बेटावरचं घर सोडून शहरात राहायला जाताना : कधी काय करायचं, सगळं सविस्तर

बेटावरून शहरात जाणं म्हणजे नेहमीचं घर बदलणं नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या. एक तर निघायची तारीख तुमच्या हातात नसते, ती समुद्र आणि बोटीचं टाइमटेबल ठरवतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक विसरतात. बेटावर सगळं ओळखीवर चालतं. दुकानदार वहीत लिहून ठेवतो, डॉक्टरांना तुमच्या आईची बीपीची गोळी तोंडपाठ असते, शाळेतल्या बाईंना पोरगा कशाला घाबरतो ते माहीत असतं, आणि घराची किल्ली कुठे ठेवलीय ते शेजाऱ्यांनाच काय अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. शहरात तुम्ही कोण, असं कोणी विचारत नाही, कागद दाखवा म्हणतात. त्यामुळे निघण्याआधीचं मोठं काम एकच, जे माणसांच्या डोक्यात आहे ते कागदावर आणून घेणं. सामान वगैरे त्यानंतर.

तारीख ठरवताना

निदान चार-सहा महिने आधी सुरुवात करा. पहिलं बघायचं ते वादळांचा सीझन. अटलांटिकमध्ये तो १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे वादळं जास्त होतात, तुमच्या बेटाचं गणित तुम्हाला माहीत असेलच. त्या काळात सामान जेटीवर पडून राहतं आणि तुम्ही रिकाम्या घरात चटईवर.

बोट आणि पुढचं विमान एकाच दिवशी लावू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असली तर बोट रद्द झाल्यावर विमानवाले सहसा हात वर करतात. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा आणि नवी नोकरी किंवा मुलांची शाळा सुरू व्हायच्या आधी निदान आठवडाभर शहरात पोचलेले असा.

ओळखीतलं सगळं कागदावर आणा

डॉक्टरांपासून सुरू करा. घरातल्या प्रत्येकाचं एका पानाचं पत्र मागा, त्यात आजार, ऑपरेशनं, ॲलर्जी, रक्तगट आणि चालू औषधं. औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ औषधाचं नाव आणि डोस हवा कारण ब्रँड जागेप्रमाणे बदलतात. मुलांच्या लसींचं कार्ड, चष्म्याचा नंबर, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टबरोबर मूळ फिल्म किंवा फाइल पण घ्या. छोट्या दवाखान्यात हे सगळं एका जाड रजिस्टरमध्ये असतं आणि ते रजिस्टर वाचता येणारी नर्स एकच असते, ती रजेवर जायच्या आत काम उरका.

मग शाळा. दाखला आणि गुणपत्रिका तर मिळतीलच, पण वर्गशिक्षकांकडून साध्या भाषेत लिहिलेलं एक पत्र मागा. मूल कशात पुढे आहे, कशात अडतं, कुठपर्यंत शिकवून झालंय. नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात तेच कामाला येतं.

कामाचा अनुभव हा मोठा गोंधळाचा विषय. बेटावर माणूस बोटीचं इंजिन खोलतो, वायरिंग करतो, पाहुण्यांच्या खोल्या सांभाळतो, हिशोब ठेवतो आणि यातल्या कशाचंच सर्टिफिकेट नसतं. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्याकडून पत्रं घ्या, पण "हा मुलगा चांगला आहे" असली पत्रं काही कामाची नाहीत. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, नेमकं काय काम, कोणती मशीनं, किती माणसं हाताखाली, आणि खाली फोन नंबर. तुमच्या कामाची एखादी परीक्षा किंवा लायसन्स असेल तर ते निघायच्या आधी मिळवता येतं का बघा.

भाड्याचं घर मिळवतानाही हेच. शहरातला मालक पगाराचा पुरावा, बँकेचे व्यवहार आणि आधीच्या घरमालकाचं पत्र मागतो. तुम्ही आयुष्यभर स्वतःच्या घरात राहिलात आणि सगळे व्यवहार रोखीत केलेत तर त्याच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नाही. म्हणून आत्तापासून वीजबिल, फोनबिल, दुकानाची उधारी, जे जमेल ते बँकेतून भरायला लागा. सहा महिन्यांचं स्टेटमेंट तयार होतं आणि ते बोलतं.

बँकेत नाव, सही, नंबर, पत्ता यातलं काही बदलायचं असेल तर समोर बसून आधीच करून घ्या, नंतर एका सहीसाठी बोट पकडावी लागते. आणि फोनचं सिम! सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नवा नंबर सगळीकडे लागेपर्यंत जुनं सिम चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका, ते शहरात रेंज पकडतं का तेही विचारून घ्या कारण काही बेटांवर कंपनीच वेगळी असते.

मागे राहिलेल्या कामांसाठी विश्वासातल्या कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर मर्यादित द्या. अमुक घराचं भाडं घेणं, अमुक कर भरणं, एवढंच लिहिलेलं. सख्ख्या माणसालाही सरसकट सगळे अधिकार लिहून देऊ नका.

घर विकायचं की ठेवायचं

माझं मत विचाराल तर पैशाची निकड नसेल तर पहिलं वर्ष विकू नका. १९६१ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्या बेटावर ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्या लोकांना इंग्लंडला हलवलं. तिथे घरं मिळाली, कामं मिळाली, दुकानं-सिनेमा सगळं जवळ. तरी पुढच्या वर्षी परत जायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५ मतं पडली, १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले. तुम्हीही जाल असं म्हणत नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत आपल्याला काय वाटेल ते आज सांगता येत नाही एवढं खरं.

भाड्याने देणं उत्तम कारण घर वापरात राहतं. बंदच ठेवायचं असेल तर खारा वारा कुलूप बघत नाही. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, पाण्याचा मेन बंद करा, गॅस काढा, बिजागऱ्या-कड्या-कुलपांना ग्रीस लावा, जाळी लावून थोडी खिडकी उघडी ठेवा नाहीतर आत बुरशी माजते. विम्याचे कागद नीट वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं असलं की काही नुकसानभरपाई बंद होते, कंपनीला आधी कळवून त्याची सोय होते का बघा. आणि महिन्यातून एकदा घर उघडून फोटो पाठवणारा माणूस ठरवा, त्याला पैसे द्या. शेजारधर्मावर ठेवलेलं काम दोन महिने होतं, मग नात्यात कडवटपणा येतो.

जमीन भावंडांत सामायिक असेल तर कोण राहणार, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, झाडांचं उत्पन्न कोणाचं हे निघायच्या आधी बसून लिहून काढा. विषय काढायला जड जातं खरं पण फोनवर तो याहून वाईट जातो.

बोट असेल तर विका. ही एक गोष्ट ठेवण्यात अर्थ नाही, वापरात नसलेली बोट उभ्या उभ्या सडते. विकताना रजिस्ट्रेशन नवीन मालकाच्या नावावर झाल्याची पावती हातात घ्या, नाहीतर उद्या तिने काही केलं तर कागदावर जबाबदार तुम्ही.

सामान

सगळ्यात आधी किती जागा लागते ते मोजा. समुद्रमार्गे सामान घनमीटरवर जातं. २० फुटी कंटेनरमध्ये कागदावर साधारण ३३ घनमीटर मावतं, पण घरसामान वेड्यावाकड्या आकाराचं असल्यामुळे प्रत्यक्षात २५ ते २८ धरा. त्याच्या निम्मंही सामान नसेल तर दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेला कंटेनर बहुतेक वेळा स्वस्त पडतो, फक्त तो भरेपर्यंत थांबावं लागतं. विमानाने पाठवताना वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे. आकारमानाचा हिशोब असा की खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं, कुरियरवाले बऱ्याचदा ५००० ने भागतात. ६० × ५० × ४० चं खोकं उशांनी भरलं तर वजन पाच किलो पण पैसे २० किलोचे. उशा तिकडेच घ्या.

लहान बेटावरून सामान आधी छोट्या बोटीत, मग मोठ्या बंदरावर, मग जहाजात असं चढत-उतरत जातं आणि मोडतोड होते ती बहुतेक या चढउतारात. म्हणून दोन माणसांना उचलता येईल एवढीच खोकी करा, कपाटं-पलंग खोलून सपाट करा, स्क्रू पिशवीत घालून त्याच फळीला चिकटवा.

आता दमटपणा. बेटावरच्या हवेतला ओलावा गाद्या, पुस्तकं, लाकूड सगळ्यात मुरलेला असतो. ते तसंच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कंटेनरमध्ये टाकलं की दिवसा तापतं, रात्री गार होतं, पत्र्याच्या छताला आतून पाणी सुटतं आणि तेच सामानावर ठिबकतं. शहरात खोकं उघडलं की काळ्या बुरशीचा वास. त्यामुळे पॅकिंगच्या आधी चार कोरड्या दिवसांत सगळं उन्हात टाका, कपडे खरपूस वाळवा, प्लॅस्टिकऐवजी कापड किंवा कागद वापरा, खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या घाला.

लाकडी फर्निचर नेताना दोनदा विचार करा. ८० टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण १६ टक्के पाणी असतं. शहर कोरडं असेल किंवा घरात हीटर चालणार असेल तर ते सात-आठ टक्क्यांवर येतं आणि लाकूड आकसतं, सांधे सैल होतात, फळ्या तडकतात. नवीन घरात निदान पहिले काही महिने अशी वस्तू हीटरपासून आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा. गिटार, सतार, पेटी असेल तर आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असं बघा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आत मिठाचा थर बसलेला असतो, जुनी असेल तर नेऊच नका. गाडी नेणार असाल तर आधी गॅरेजमध्ये वर उचलून खालून गंज बघा, बऱ्याचदा गाडीपेक्षा तिची वाहतूकच महाग पडते.

खोकी लाकडी पेटीत घालत असाल आणि दुसऱ्या देशात जात असाल तर त्या लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो. म्हणजे किडे मरावेत म्हणून लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेलं. घरच्या फळ्या ठोकून केलेली पेटी बंदरावर अडकू शकते. माती पण चालत नाही. कुदळ, बूट, सायकलची चाकं, कुंड्या, सगळं खरवडून धुवा. झाडांची रोपं आणि बिया तर विचारल्याशिवाय नकोच.

आणि शंख, शिंपले, प्रवाळ. हे प्रत्येकाला न्यायचं असतं. पण कठीण प्रवाळ, राक्षसी शिंपले, क्वीन काँच नावाचा मोठा शंख, नॉटिलस हा कवचातला समुद्री प्राणी, हे सगळं साइट्स करारात (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येतं, देशाची सीमा ओलांडताना परवाना लागू शकतो. कासवाच्या पाठीची वस्तू तर आजीची असली तरी कागदांशिवाय नेऊ नका. वाळूची बाटली निरागस वाटते पण इटलीच्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू नेली तर दंड होतो. तुमच्याकडचा नियम विचारा.

विमा घ्याच, आणि तो फक्त तुमचं खोकं फुटलं तर म्हणून नाही. समुद्री वाहतुकीत एक जुना नियम आहे, जनरल ॲव्हरेज. जहाज संकटात सापडलं आणि सगळ्यांना वाचवायला काही माल फेकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर आहे त्या सगळ्यांत वाटला जातो, तुमच्या सोफ्याला ओरखडाही आला नसला तरी. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन नावाचं मोठं मालवाहू जहाज अडकलं तेव्हा हेच जाहीर झालं होतं. विमा असला तर कंपनी हमी देते, नसला तर अनामत भरल्याशिवाय सामान सुटत नाही.

सामान तुमच्या नंतर पोचणार हे धरून चाला. महिनाभराचे कपडे, औषधं, सगळे मूळ कागद आणि मुलांची एक-दोन जवळची खेळणी स्वतःबरोबर. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीवर Wh असं लिहिलेलं असतं) सहसा अडचण नसते, त्यावर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते.

कुत्रा-मांजर असेल तर

थोडक्यात सांगतो. हवाईसारख्या काही बेटांवर रेबीज नाही, त्यामुळे तिथल्या जनावराला लस दिलेली असेलच असं नाही. मायक्रोचिप आधी, लस नंतर, हा क्रम महत्त्वाचा. युरोपियन युनियनमध्ये पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावं लागतं, बाकीकडेही असे काही ना काही दिवस असतात. खरी अडचण परत येताना होते, हवाईत तयारी न करता परत आणलेलं जनावर १२० दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये राहू शकतं. परतायची थोडीशीही शक्यता असेल तर रेबीजच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी (लस लागू पडली का ते त्यात कळतं) निघायच्या आधीच करता येते का ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

निरोप

निरोप शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, त्या आठवड्यात तुम्ही चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन फिरत असता. महिनाभर आधी यादी करा, कोणाकडे जायचं, आणि रोज एका घरी जा. ज्यांचं वय झालंय त्यांच्याकडे आधी. ज्यांच्याशी अबोला आहे त्यांच्याकडेही जाऊन या, कारण परत आलात की बोटीतून उतरताना तेच समोर दिसणार. उधाऱ्या, घेतलेली अवजारं, पुस्तकं परत करा. घरातल्या गेलेल्या माणसांच्या जागेची, थडगं असो की तुळशीवृंदावन, देखभाल कोण करणार हे नावानिशी ठरवा.

जेटीवर अख्खं गाव जमवायचं की नाही? मी म्हणेन आदल्या संध्याकाळी जमवा. निघायच्या दिवशी मुलं रडतात, बोट उशिरा येते आणि तीन तास सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात, त्याने कुणाचंच भलं होत नाही. फोटो सगळेच काढतात, आवाज रेकॉर्ड करायचं कुणाला सुचत नाही. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, जागांची नावं त्यांच्या तोंडून घ्या, कारण कित्येक खडकांची आणि वळणांची नावं कुठल्याच नकाशात नसतात.

शहरात पोचल्यावर

लगेच वर्षाचा करार करू नका. चार-सहा आठवड्यांसाठी तात्पुरती जागा घ्या आणि त्या काळात घर शोधा. आवडलेल्या घरी तीन वेळा जा, ऑफिसच्या गर्दीच्या वेळी, रात्री अकराला आणि जमलं तर पावसात. बेटावर अंतर मोठं नसतंच, त्यामुळे नकाशावरचे बारा किलोमीटर म्हणजे रोजचे तीन तास असू शकतात हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही. ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतः तो प्रवास करून बघा, मगच ॲडव्हान्स.

ॲडव्हान्सवरून आठवलं. बेटावरून आलेली माणसं फसवायला सोपी असतात, हे वाईट वाटलं तरी ऐका. तिकडे खोटं बोललेला माणूस उद्या बाजारात भेटतो म्हणून सहसा कोणी खोटं बोलत नाही. इथे भेटत नाही. घर आतून न बघता पैसे नाही, मालकीचा कागद बघितल्याशिवाय पैसे नाही, पावतीशिवाय पैसे नाही, आणि "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आत्ताच पाठवा" म्हटलं की हमखास नाही. दार आतून बंद ठेवायची सवय पण लावून घ्या, ती लागायला वेळ लागतो.

पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून भाडेकरार नाही, करार नाही म्हणून पत्ता नाही, हे चक्र सगळ्यांना भेटतं. ते सहसा नोकरीच्या ठिकाणच्या पत्राने तुटतं, रुजू व्हायच्या आधीच एचआरकडे मागून ठेवा.

पहिल्या हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात सगळं घर आळीपाळीने आजारी पडेल. ट्रिस्टनची माणसं इंग्लंडला आली तेव्हा तीही सर्दी-खोकल्याने हैराण झाली होती, कारण लहान जागेत राहिलेल्यांच्या शरीराला गर्दीतले विषाणू नवे असतात. लसी पूर्ण करा, पहिल्या तीन महिन्यांत सुट्ट्या जपून वापरा.

मुलांना रस्ता शिकवावा लागतो, अक्षरशः. सिग्नल, झेब्रा, डावी-उजवीकडे बघणं, लिफ्टच्या दारात हात न घालणं, अनोळखी माणूस गोड बोलला तर काय करायचं. जे मूल दिवसभर एकटं हुंदडलंय त्याला चार भिंतीत ठेवलं की ते चिडणारच, रोज तासभर मैदान ठरवून टाका. आणि स्वतः गाडी चालवणार असाल तर लायसन्स असलं तरी हायवे आणि मोठ्या चौकांसाठी दोन-चार क्लास घ्या, यात लाज कसली.

म्हाताऱ्या आई-वडिलांचं जास्त अवघड असतं. तिकडे लोक त्यांना विचारायला यायचे, वारा कुठून येतोय, जाळं कसं विणायचं. इथे ते सोफ्यावर बसून टीव्ही बघतात आणि महिन्याभरात खंगल्यासारखे दिसायला लागतात. त्यांना आराम करा म्हणू नका, काम द्या. भाजी त्यांनी आणायची, नातवाला बसपर्यंत त्यांनी सोडायचं, कुंड्या त्यांच्या. तळमजला किंवा लिफ्ट हवीच, आणि उठून चालत जाता येईल असा एक बाक जवळपास हवा.

ओळखी परत कशा करायच्या

शहरात माणसं तुसडी नसतात, फक्त परत परत भेटत नाहीत. बेटावर ते आपोआप व्हायचं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एका अभ्यासात मांडलं होतं की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, नीट मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. म्हणजे महिन्यातून एकदा कॉफी प्यायलात तर वर्षं जातील. त्यामुळे दर आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी भरणारं काहीतरी पकडा, पोहणं, भजनी मंडळ, फुटबॉल, वाचनालय, काहीही, पण माणसं तीच हवीत. दुकानही एकच ठरवा, शक्यतो त्याच वेळी जा, नावाने बोला.

आपल्या बेटावरची माणसं शहरात असतील तर नक्की भेटा, पहिल्या वर्षी त्यांच्याइतकी मदत कोणी करत नाही. पण दर रविवार तिथेच जात असेल तर नव्या ओळखींना वेळच उरत नाही, तेवढं बघा.

बेटावर पहिली फेरी

फार लवकर नको, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेलात तर परत यायला पाय निघत नाही, आणि दोन वर्षं टाळलंत तर घराची दुरुस्ती हाताबाहेर जाते. सहा ते दहा महिन्यांच्या मध्ये, समुद्र शांत असताना, परतीचं तिकीट काढूनच. घर ठेवलं असेल तर दोन दिवस फक्त घरासाठी राखून ठेवा. छताचे खिळे, पत्र्याच्या कडा, वायरिंगचे जोड, पाण्याची टाकी, वाळवी बघा, किल्लीवाल्या माणसाचा हिशोब चुकता करा, कराच्या पावत्या घ्या, विम्याचं नूतनीकरण आणि मुखत्यारपत्राची मुदत तपासा. बँकेचं काही राहिलं असेल तर ते पहिल्याच दिवशी, कारण शाखा आठवड्यातून कोणत्या वारी उघडते ते तुमच्या पाठीमागे बदललेलं असू शकतं.